राखण

आमचं आडनाव बागवान, पण आमची स्वतःची बाग एकही नाही. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. कोल्हापूर, मिरज, सांगली, कराड या भागातल्या वाचकांना मात्र यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. इकडे बागवान म्हणजे दुसऱ्याच्या बागेतलं फळ झाडावर असतानाच विकत घेणारा, ते राखणारा, उतरवणारा, पिकवणारा आणि बाजारात नेऊन विकणारा माणूस. जमीन शेतकऱ्याची, झाडंही त्याचीच. मोहरापासून मिरगापर्यंतचे चार महिने तेवढे आमचे.

आम्ही तिघं भाऊ. थोरला कोल्हापुरात फळांची गाडी लावतो. धाकटा अब्बांबरोबर बागेत असतो. मधला बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवतो, आणि हे लिहिणारा तोच. पण बागेची गोष्ट 'मी' म्हणून सांगायला जीभ वळत नाही, कारण बागेत कुणीच एकटा नसतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1906 साली मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला, तेव्हापासून आमच्या समाजात शिक्षणाची वाट पडली. ती वाट आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला शंभर वर्षं लागली. आता आमच्या घरात उर्दू शिकवली जाते, हिशेब मराठीत लिहिला जातो आणि भांडण दखनीत होतं.

आम्ही धरतो ती बाग पन्हाळ्याच्या पायथ्याला, जोतिबाच्या डोंगराकडे तोंड करून आहे. रायवळची 42 झाडं आणि हापूसची 18 कलमं. आमच्या दाद्यांनी ती पहिल्यांदा धरली तेव्हा मालक होते आत्ताच्या आबांचे वडील. तेव्हापासून दोन-चार हंगाम सोडले तर ती आमच्याकडेच आहे. रायवळाच्या प्रत्येक झाडाला नाव आहे. ज्याच्या फळाला शेपूचा वास तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, लांबट फळाचा केळ्या, लहान गोल फळांचा गोट्या. ही नावं मालकाच्या सातबाऱ्यावर नाहीत, आमच्या वहीत आहेत.

सौद्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत झाडं मोहरली की अब्बा बागेत फिरतात. मोहराच्या एका तुऱ्यात हजारावर फुलं असतात, त्यातून फळं धरतात दोन-चार, कधी एकही नाही. तुडतुडे आहेत, भुरी आहे, ढगाळ हवा आहे, मार्चचं ऊन आहे, वळवाचा वारा आहे. या सगळ्यातून काय उरेल याचा अंदाज करून आकडा बोलायचा. दाद्यांच्या काळी मोहराला फक्त इसार द्यायचे आणि कैरी लिंबाएवढी झाली की दर ठरायचा. त्यामागे आमच्या दीनचीही एक शिकवण होती. फळ तयार होण्याची चिन्हं दिसेपर्यंत झाडावरच्या फळाचा सौदा करू नये, आणि फळावर आफत आली तर विकणाऱ्यानं आपल्या भावाचा पैसा कोणत्या हक्कानं घ्यावा, अशा अर्थाच्या हदीस दादी आम्हाला सांगायची. पुढे बाहेरचे व्यापारी मोहरावरच पुरा आकडा लावून बागा उचलू लागले. बाग हातची जाऊ नये म्हणून अब्बाही मोहरावर बोलू लागले. दादी शेवटपर्यंत म्हणत राहिली, "फूल का सौदा नको करो रे, फूल किसी का नहीं होता."

2020 सालचा सौदा असाच फुलावर झाला. फेब्रुवारीत एक लाख वीस हजार ठरले, चाळीस हजारांचे तीन हप्ते. पहिला रोख दिला. दुसरा कैरी अंड्याएवढी झाल्यावर, तिसरा बाग खाली झाल्यावर. त्या वर्षी मोहर असा होता की पानं दिसत नव्हती. अब्बा, अम्मी आणि धाकटा खोप घालून बागेत राहायला गेले.

राखणीचं काम दिसायला सोपं असतं. दिवसा वानरं येतात. रात्री वटवाघळं येतात, कधी गवा येतो, आणि दोन पायांचेही येतात. आमच्या हातात गोफण, पत्र्याचा डबा आणि आवाज एवढंच असतं. रात्री डबा वाजवून "होऽऽ" अशी हाळी द्यायची. पलीकडच्या उसात पाणी पाजणारा गडी, खालच्या वस्तीवरचा म्हातारा आणि आबांच्या घरातलं कुणीतरी उलट हाळी देतात. त्या हाळीनं जनावर पळतं की नाही कोण जाणे, पण माणसाची झोप मात्र शांत होते. आपण जागे आहोत आणि आपल्यासारखंच आणखी कुणी जागं आहे, एवढं त्यातून कळतं.

मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या. 20 तारखेला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचं जाहीर झालं. चार दिवस मुलांना आंब्याखाली खेळू द्यावं म्हणून मास्तर बायकोमुलांना घेऊन बागेत गेला. रविवारी जनता कर्फ्यू झाला, आणि 24 तारखेच्या मध्यरात्रीपासून देश बंद. चार दिवसांसाठी नेलेली कपड्यांची पिशवी अडीच महिने पुरवावी लागली. थोरला भाऊ आणि भाभी कोल्हापुरात, बाकी सगळे खोपीत.

त्या वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा झाली नाही. दरवर्षी यात्रेच्या दिवसांत डोंगरावरून हलगीचा आवाज आणि 'चांगभलं'चा गजर बागेपर्यंत येतो. गुलालानं माखलेली माणसं सासनकाठ्या घेऊन जातात-येतात. त्यांना कैऱ्या आणि काकड्या विकून आमच्या हातात हंगामाचे पहिले रोख पैसे पडतात. 2020 ला 8 एप्रिलच्या पौर्णिमेला डोंगर मुका होता. आमची टोपलीही रिकामी राहिली.

पण यात्रा बुडाली त्याचं दुःख मोठं नव्हतं. मार्च संपता संपता दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि तिच्या मागोमाग मोबाइलवर व्हिडिओ फिरू लागले. फळाला थुंकी लावतात, अमुक लोकांकडून घेऊ नका, नाव विचारूनच घ्या. थोरला भाऊ कोल्हापुरातल्या एका कॉलनीत अकरा वर्षं गाडी नेत होता. कुणाला गोड लागतं, कुणाला आंबट, कुणाच्या घरी शुगर आहे, हे त्याला पाठ होतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फाटकावर त्याला नाव विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. त्यानं नाव सांगितलं. "तुम्ही नका येऊ काही दिवस," असं उत्तर मिळालं. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. वरच्या गॅलरीत नेहमीच्या एक आजी उभ्या होत्या, त्या आत गेल्या. त्यानं गाडी वळवली आणि फोनवर आम्हाला एवढंच म्हणाला, "कलिंगडं राहिली बघा आज सगळी." बाकीचं भाभीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पुढे 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मरकजला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आलं असं म्हटलं. तोवर आंब्याचा हंगाम संपून गेला होता.

गावातही वारं फिरलं होतं. वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ता अडवला होता. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. आम्ही नक्की कुठले, हा प्रश्न गावाला पडला. फेब्रुवारीपासून आत होतो, पण होतो बाहेरचे. त्यात नाव बागवान. दोन दिवस आबा बागेकडे फिरकले नाहीत. दुधाचा तांब्या घेऊन येणारं पोरही आलं नाही. आणि त्या दोन रात्री आमच्या हाळीला कुठूनच उत्तर आलं नाही. धाकट्यानं डबा वाजवला, "होऽऽ" केलं आणि आम्ही सगळे खोपीत कान देऊन बसलो. रातकिडे तेवढे ओरडत होते. मुलगी विचारत होती, "सगळे झोपले का?" अब्बा म्हणाले, "हां, सो गए. तू भी सो जा."

तिसऱ्या दिवशी आबा आले. तोंडाला पंचा बांधून दहा हात लांब दगडावर बसले. बराच वेळ झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बागवान, काल गावकी बसली हुती. काय जण म्हणत्यात, तुमास्नी लावून द्या म्हणून."

अब्बा काही बोलले नाहीत.

"मी म्हटलं, लावून देतो. पर राखणीला कोण येतंय सांगा. तुझं पोरगं येतंय का रातचं? तुझं येतंय? कोण बोलंना. मग म्हटलं, गप बसा."

हे ऐकून आमच्यातल्या मास्तरला थोडं वाईट वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आबांनी माणुसकीचं, शेजारधर्माचं, तीन पिढ्यांचं काही बोलायला हवं होतं असं त्याला वाटलं. अब्बांना तसं काही वाटलं नाही. ते नंतर म्हणाले, "त्यांनी काम की बात की. माणसाला कामासाठी ठेवलं तर तो राहतो. उपकार म्हणून ठेवलं तर उद्या काढताही येतं." त्या रात्री आम्ही हाळी दिली तेव्हा आबांच्या घराकडून उत्तर आलं. उसातनं उत्तर यायला आणखी चार दिवस गेले.

दुसरा हप्ता अंगावर आला होता. कैरी अंड्याएवढी झाली होती आणि हातात पैसा नव्हता. अम्मीनं दोन पाटल्या काढून दिल्या, पण गुजरी बंद. सोनं असून गहाण ठेवायला सराफाचं दुकान उघडं नाही, असा तो काळ. मास्तरच्या नोकरीला अब्बा नेहमी चेष्टेनं 'बारमाही झाड' म्हणायचे. फळ लहान, पण दर महिन्याला. त्या महिन्यात सरकारनं पगाराचा 75 टक्केच भाग दिला. त्या बारमाही झाडाची ती फळं अधिक घरात होतं नव्हतं ते मिळून वीस हजार आबांच्या हातात ठेवले. आबांनी मोजले नाहीत. "ऱ्हायल्यालं सवडीनं," म्हणाले.

शाळेचं कामही बागेतूनच चाललं होतं. रेंज फक्त शेप्याच्या दुसऱ्या फांदीवर मिळायची. वर्गात 37 मुलं, त्यातल्या 14 घरांत व्हॉट्सअॅपचा फोन. मास्तर सकाळी फांदीवर बसून गणितं आवाजात भरून पाठवायचा. बागेत बेचाळीस झाडं, प्रत्येकावर अमुक आंबे, तर एकूण किती? एका मुलाचं उत्तर आलं, तेही आवाजातच: "सर, जवाब निकाला. पर सर, हमारे अब्बा का गाडा बंद है. आंबे कौन बेचेगा?" त्याला काय उत्तर द्यायचं, हे बी.एड.ला शिकवलेलं नव्हतं.

25 एप्रिलला पहिला रोजा झाला. मशिदी बंद होत्या. आम्ही खोबऱ्याखालची जागा झाडून, शेणानं नव्हे तर पाण्यानं शिंपून चटई टाकली आणि तरावीह तिथंच पढलो. खजूर नव्हता. इफ्तारीला पाणी, कैरीचं पन्हं आणि भाकरी. सेहरीला अम्मी चुलीवर पिठलं टाकायची. चौथ्या की पाचव्या रोज्याला काकी, म्हणजे आबांच्या घरच्या, ताकाची कळशी घेऊन आल्या आणि बांधावर ठेवून लांब उभ्या राहिल्या. "भाभी, दिवसभर पाणीबी न्हाई म्हणं पोटात. ताक घ्या. जिरं घाटलंया." मग रोज संध्याकाळी बांधावर काहीतरी असायचं. कळशी धुऊन परत ठेवताना अम्मी तिच्यात पाडाचे दोन आंबे टाकायची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव आला. संध्याकाळी चार वाजता आभाळ काळं झालं, धुळीचा लोट उठला आणि गारा सुरू झाल्या. अर्धा तास. आम्ही मुलांना पाट्या उपड्या घालून खोपीत बसवलं. पाऊस थांबल्यावर बाहेर आलो तर जमीन हिरवी. तिसरा हिस्सा माल खाली होता. अब्बा झाडाला हात लावून उभे राहिले. रोजा सोडायची वेळ झाली तरी त्यांना कळलं नाही.

पडलेली कैरी दोन दिवसांत काळी पडते. बाजार कधी चालू, कधी बंद, आणि नेणार कशात? त्या रात्री काकींनी काय केलं कोण जाणे, पण सकाळी गावातल्या बायका पाट्या घेऊन बांधावर उभ्या. लोणच्याला कैरी सगळ्यांनाच हवी होती, पैसे कुणाकडेच नव्हते. कुणी जोंधळे आणले, कुणी तांदूळ, कुणी शेंगा, एकीनं कोंबडीची अंडी. गावकीत आम्हाला लावून द्या म्हणणाऱ्या एकाची बायकोही त्यात होती. अम्मीनं तिला मापाच्या वर चार कैऱ्या जास्त घातल्या. आम्ही का म्हणून विचारलं तर म्हणाली, "उसके घर में लोणचे का बरणी बडा है." याहून जास्त स्पष्टीकरण तिनं कधीच दिलं नाही.

झाडावर उरलेला माल हापूसपासून उतरवायला घेतला. घाटावरचा आंबा कोकणच्या मागून येतो. झेल्यानं एकेक फळ देठासकट उतरवायचं, चीक फळावर सांडू द्यायचा नाही, खोपीत भाताच्या पिंजराचे थर घालून आढी लावायची. आठ-दहा दिवसांनी पिंजरातून वास येऊ लागतो. घाई असली की लोक कार्बाइडची पुडी टाकतात. कायद्यानं बंदी आहे तरी टाकतात. अब्बा टाकत नाहीत. आढी पिकली, पण विकायची कशी?

तेव्हा आबांचा मुलगा पुढे आला. शेतमालाच्या गाडीचा पास त्यानं काढला. टेम्पो त्याचाच. मास्तरनं शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं, मुलानं त्याच्या मित्रांच्या. 'शेतकऱ्याच्या बागेतून थेट घरी.' मागणी भरपूर आली. आणि मग त्यानं खाली मान घालून एक गोष्ट सांगितली. "मास्तर, पेटीवर माझं नाव घालूया. तुमचं नको. राग मानू नका. माल खपायला पायजे."

तो चांगल्या मनानं बोलत होता, हे आम्हाला कळत होतं. खोटंही काही नव्हतं, बाग त्यांचीच. तरी त्या रात्री आम्ही चौघं पेट्यांवर कागद चिकटवत बसलो तेव्हा कुणीच बोललं नाही. मोहरापासून राखलेला, गारांतून वाचलेला, आमच्या आढीत पिकलेला आंबा दुसऱ्याच्या नावानं चालला होता. थोरल्याला अकरा वर्षांनी नाव विचारलं गेलं, आणि आम्ही आमचं नाव स्वतःच्या हातानं झाकत होतो. अब्बा शेवटी म्हणाले, "आंबा किसी का नाम नहीं बताता. चिपका." पण त्यांनी स्वतः एकही कागद चिकटवला नाही. त्यांतल्या सहा पेट्या थोरल्याच्याच कॉलनीत गेल्या.

25 मेची ईद बागेत झाली. शिरखुर्म्यात खजूर नव्हता, पण काकींच्या घरचं दूध होतं. आम्ही वाट्या भरून बांधावर ठेवल्या. आबांनी तिथंच उभं राहून खाल्ला.

मिरगाच्या आधी बाग खाली झाली. हिशेबाला बसलो. आम्ही सगळी देणी मांडली. आबांनी वही बघितली आणि म्हणाले, "गारांचं नुकसान निम्मं माझं. झाड माझंच हाय की. वर केलेलं पाप दोघांचं." पंधरा हजार त्यांनी सोडून दिले. अब्बा नको म्हणत होते, सौदा म्हणजे सौदा. आमच्यातल्या मास्तरला दादीनं सांगितलेली हदीस आठवली. आबांनी ती कधी ऐकलेली असण्याचं कारण नव्हतं. ज्यांनी ऐकली होती ते आम्ही मात्र कित्येक वर्षं फुलाचा सौदा करत आलो होतो. राहिलेले पैसे दिवाळीपर्यंत फिटले.

2021 च्या एप्रिलमध्ये आबांच्या मुलाला एक फोन आला. थोरल्याच्या कॉलनीतल्या त्याच आजी. मागच्या वर्षीसारखेच आंबे हवेत म्हणाल्या. त्यानं सांगितलं, "ते बागवानांचे आंबे आहेत, आजी. राखणारे तेच, पिकवणारेही तेच. त्यांचा नंबर देतो." नंबर थोरल्याचा होता. दोन दिवसांनी त्याला फोन आला. त्याच्या आवाजावरून आजींनी ओळखलं की नाही ते आम्हाला माहीत नाही. त्यांनी चार डझन मागवले, आणि शेवटी म्हणाल्या, "गाडी का बंद केलीस रे?" थोरला म्हणाला, "आता सुरू करतो, आजी." त्यानं बाकी काही म्हटलं नाही. आम्हीही त्याला काही म्हणालो नाही. त्या वर्षीपासून आमच्या पेटीवर 'बागवान आंबेवाले' असं छापलेलं असतं आणि त्याखाली आबांच्या गावाचं नाव. दोन्ही लागतं.

आता आबांच्या मुलांत वाटणी झाली आहे. बांधावर आलेली काही झाडं गेली, तिथं ऊस आहे. गोट्याही गेला. सौदा मात्र आम्ही पुन्हा दाद्यांच्या रीतीनं करतो. मोहराला इसार, दर कैरी लिंबाएवढी झाल्यावर. दुसऱ्या व्यापाऱ्यांचे आकडे मोठे असतात, तरी बाग अजून आमच्याकडे आहे. अब्बांना झाडावर चढवत नाही. मेच्या सुट्टीत मास्तर मुलांना घेऊन जातो. रात्री मुलगी डबा वाजवते आणि "होऽऽ" करते. आबांच्या घराकडून त्यांचा नातू उलट हाळी देतो. मग ती झोपते.